वजनकाट्यावरचं टर्मिनल

खाणीतून निघालेला डंपर बंदराकडे जाताना दोनदा तोलला जातो, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या खेपेचा माल. पावसाळा सरला की मेच्या अखेरीपर्यंत सिंधुदुर्गातल्या रेडीत ह्या वजाबाक्या रात्रंदिवस चालायच्या, कारण पुढे बार्ज भरायची असायची आणि तिच्याही पुढे, खोल पाण्यात, मोठं जहाज नांगर टाकून थांबलेलं असायचं. थांबलेल्या जहाजाचं डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, दिवसादिवसाने चढतं. म्हणून काट्यावर कुणी काही विचारलं की उत्तर लगेच हवं असायचं. ह्या गाडीच्या आज किती खेपा झाल्या? तिसऱ्या ढिगात किती टन पडला? फाइन्स, म्हणजे बारीक चुरा, किती? लंप्स, म्हणजे ढेकळं, किती?

काट्याच्या केबिनीला लागून असलेल्या खोलीत मी त्या उत्तरांचं काम करायची. २००८च्या आगेमागचा काळ. चीनच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं आणि गोव्याच्या मालाबरोबर आमच्या रेडीचा मालही तिकडे जात होता. १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेल्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला येणारी माणसं आणि आमचे डंपर एकाच वाटेवर असायचे. अंगारकीला खेपा कमी धरूनच आम्ही दिवसाचा हिशेब मांडायचो. खोलीतल्या सगळ्या वस्तूंवर तांबडी धूळ. संगणक जुना, त्यावर लिनक्स, आणि पडद्यावर खिडक्या-चित्रं काही नाहीत, नुसतं टर्मिनल. दर दिवसाची एक साधी मजकुराची फाइल, आणि प्रत्येक खेपेची त्यात एक ओळ: वेळ, गाडीचा नंबर, मालाचा प्रकार, ढीग, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ.

मला ते टर्मिनल परकं नव्हतं. मुंबईत कॉलेजात होते तेव्हा इंटरनेट नुकतंच आलं होतं. व्हीएसएनएलने ते १९९५च्या १५ ऑगस्टला लोकांसाठी खुलं केलं आणि विद्यार्थ्यांना मिळायचं ते शेल अकाउंट, फक्त अक्षरांचं. त्याच काळात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगचं पुस्तक हाती लागलं. परीक्षेसाठी घेतलेलं ते पुस्तक पुढे रेडीत माझ्या टेबलावर राहिलं, कडा तांबड्या झालेलं.

काट्यावर मी पहिल्यांदा केलं ते एवढंच, की रोजच्या लांब कमांडांना आखूड नावं दिली. आजच्या फाइलीच्या शेवटच्या ओळी सतत दिसत राहाव्यात म्हणून एक नाव, आजच्या फोल्डरात जायला दुसरं. ह्याला एलियस म्हणतात. तुम्ही आखूड शब्द टाइप करता; शेल, म्हणजे कमांडा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, तो पुसून त्याच्या जागी तुम्ही आधी सांगून ठेवलेला मजकूर ठेवतो आणि मग पुढचं वाचतो. एलियसचं काम तिथे संपतं. शब्दाच्या पुढे काय लिहिलंय ते त्याला कळत नाही आणि ते उचलून मधल्या जागी बसवताही येत नाही. ‘ह्या नंबरच्या गाडीच्या खेपा शोध, टनांची बेरीज कर आणि सांग’ असं म्हणायचं तर नंबर कमांडच्या पोटात कुठेतरी जायला हवा. त्यासाठी फंक्शन लागतं. फंक्शन आपल्याला दिलेलं पहिलं, दुसरं, तिसरं अर्ग्युमेंट ओळखतं, अटी तपासतं, चुकीचा नंबर असेल तर थांबून सांगतं.

एकाच शेलात ही दोन्ही का असावीत, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. उत्तर इतिहासात आहे. एलियस आला बर्कलीच्या बिल जॉय यांच्या सी शेलमधून, १९७०च्या दशकाच्या अखेरीस. त्या शेलात फंक्शन नव्हतंच, म्हणून तिथे एलियसलाच अर्ग्युमेंटं पोचवायची सोय होती. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्यात एलियस नव्हता, आणि फंक्शनं आली ती १९८४च्या सिस्टिम फाइव्हमध्ये. डेव्हिड कॉर्न यांनी आपल्या शेलात दोन्ही घेतली आणि ब्रायन फॉक्स यांनी १९८९मध्ये लिहिलेल्या बॅशमध्येही दोन्ही आली. बॅशच्या एलियसला मात्र अर्ग्युमेंट घेता येत नाही. बॅशचं माहितीपुस्तक तर स्पष्टच सांगतं की जवळजवळ प्रत्येक कामाला एलियसपेक्षा फंक्शन बरं.

ह्या ‘जवळजवळ’ची किंमत मला काट्यावर कळली.

खेपा शोधायचं फंक्शन मी ‘खेप’ ह्याच नावाने ठेवलं होतं, रोमन अक्षरांत. काट्यावरचे काका ते उत्तम वापरायचे. डंपरच्या मागच्या पाटीवर धूळ बसलेली. एखादा आकडा वाचता यायचा नाही, तेव्हा त्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकायचे. एमएच०७ आणि पुढे स्टार म्हटलं की सिंधुदुर्गच्या सगळ्या गाड्या, जीए आणि स्टार म्हटलं की गोव्याच्या. एक दिवस ते खिडकीतून ओरडले, “गो ताई, काल चल्ला, आज चलणा नाय! गाडी माज्या डोळ्यांम्होरसून गेली आणि हो म्हणता शून्य खेपा!”

काका बरोबर होते आणि फंक्शनही बरोबर होतं. घडत होतं ते दोघांच्या मधल्या जागेत. ज्या खेपेच्या वजनावरून वाद व्हायचा तिच्या पावतीची प्रत स्कॅन करून गाडीच्या नंबराच्या नावाने त्याच दिवसाच्या फोल्डरात ठेवायची पद्धत होती. स्टार दिसला की शेल आधी फोल्डरात बघतो, त्या नमुन्याशी जुळणाऱ्या फाइली आहेत का. नसतील तर बॅश स्टार जसाच्या तसा पुढे पाठवतो, फंक्शनला नमुना मिळतो, उत्तर बरोबर येतं. असतील तर स्टारच्या जागी त्या फाइलींची नावं भरतो. मग फंक्शनच्या हाती पहिलं अर्ग्युमेंट म्हणून एका स्कॅनचं नाव पडतं, शेपटीच्या जेपीजीसकट, आणि अशा नंबरची गाडी काट्यावर आलेलीच नसते. म्हणजे ज्या दिवशी वाद नाही त्या दिवशी सगळं सुरळीत, आणि वाद झाला की नेमकं तेव्हाच उत्तर शून्य.

ह्यावर पुस्तकी उपाय आहे: नमुना अवतरणचिन्हांत लिहावा. पण खिडकीशी ड्रायव्हर वाकून उभा, एका हातात पावती, बाहेर मागच्या गाडीचा भोंगा, अशा वेळी माणसाने दोन अवतरणचिन्हं आठवणीने टाकावीत ही अपेक्षा मला पटत नाही. जे यंत्राला करता येतं ते थकलेल्या माणसाच्या आठवणीवर सोपवू नये. आणि विसरलं तरी बहुतेक दिवशी काही बिघडत नाही, त्यामुळे सवयही लागत नाही.

फंक्शनच्या आत ह्याचा उपाय करता येतो का, हे मी पुष्कळ तपासलं. येत नाही. टाइप केलेली ओळ शेलातून जाते ती डंपरसारखी टप्प्याटप्प्याने. खाणीच्या फाटकावर एलियसची अदलाबदल होते. वाटेत ओळीचे भाग पाडले जातात, मग व्हेरिएबलांच्या किमती भरल्या जातात, मग स्टार आणि प्रश्नचिन्हाच्या जागी फाइलींची नावं येतात. धक्क्यावर पोचल्यावर फंक्शनला माल मिळतो. वाटेत बदललेला माल मूळचा कसा होता, हे धक्क्यावर उभ्या असलेल्याला सांगता येत नाही. स्टारला हात लागू द्यायचा नसेल तर फाटकावरच कुणीतरी असायला हवं, आणि शेलाच्या फाटकावर फक्त एलियस असतो.

म्हणून दोन्ही जोडली. फंक्शनचं नाव बदललं, आधी एक अंडरस्कोर लावला. ‘खेप’ हे नाव एलियसला दिलं आणि त्याच्या मजकुरात दोन गोष्टी ठेवल्या: आधी फाइलींची नावं भरण्याची सोय बंद करणारी कमांड, ‘सेट उणे एफ’, मग अर्धविराम, मग अंडरस्कोरवालं फंक्शन. काका पूर्वीसारखेच ‘खेप’ लिहून नमुना टाइप करणार. एलियस ओळ बदलणार, सोय बंद होणार, स्टार जसाच्या तसा फंक्शनपर्यंत पोचणार. फंक्शनचं पहिलं काम म्हणजे बंद केलेली सोय पुन्हा चालू करणं, आणि मग शोधाशोध. एकट्या एलियसला हे जमलं नसतं, एकट्या फंक्शनलाही नाही. ‘पुटी’ हे सर्व्हरशी जोडणारं साधन ज्यांनी लिहिलं त्या सायमन टॅथम यांनी बोर्न घराण्यातल्या शेलांची ही फट नीट उलगडून लिहिली आहे, हे मला नंतर कळलं आणि फार बरं वाटलं. केंब्रिजच्या माणसाला आणि रेडीच्या काट्याला एकाच जागी अडलं होतं.

ही जोडी सांभाळून वापरावी लागते. फंक्शनात सोय पुन्हा चालू केल्यावर नमुना दुहेरी अवतरणचिन्हांतच वापरायचा, नाहीतर बाहेर वाचवलेला स्टार आत उलगडतो. एलियसच्या पोटात अर्धविराम असल्याने त्याच्या अलीकडे पाइप लावता येत नाही; पाइप जोडला जातो तो ‘सेट’ला, आणि फंक्शन आपलं कोरडंच राहतं. आधीच्या कमांडचा निकाल ‘खेप’मध्ये ओतायचा असेल तर अंडरस्कोरवालं फंक्शन थेट बोलवायचं आणि नमुन्याला अवतरणचिन्हं द्यायची. आणि दोघांना एकच नाव कधीही देऊ नये. एलियस आधीपासून असताना त्याच नावाचं फंक्शन लिहायला गेलं की शेल फंक्शनचं नाव वाचतानाच त्याच्या जागी एलियसचा मजकूर ठेवतो, आणि मग जी चूक पडद्यावर दिसते तिच्यावरून मूळ कारण कुणालाही सापडणार नाही. अंडरस्कोर आम्ही त्यासाठीच ठरवून टाकला होता.

क्रम हाही असाच महत्त्वाचा. एलियस बदलला जातो तो ओळ वाचताना, चालवताना नाही. म्हणून फंक्शनच्या आत वापरलेला एलियस फंक्शन लिहिलं जातं त्याच क्षणी त्याच्यात गोठतो. शोधलेले शब्द रंगीत दिसावेत म्हणून कुणी ‘ग्रेप’ ह्या शोधणाऱ्या कमांडला ‘नेहमी रंगीत’ असा एलियस लावला असेल आणि त्यानंतर फंक्शनं वाचली गेली, तर रंगाचे अदृश्य संकेत फाइलीत उतरतात, आणि डोळ्यांना जुळणारा नंबर पुढे बेरजा करणाऱ्या ‘ऑक’ ह्या कमांडला जुळत नाही. आमच्या फाइलीत आधी सगळी फंक्शनं आणि अगदी शेवटी एलियस. शिवाय फंक्शनच्या आत ‘ग्रेप’च्या आधी ‘कमांड’ हा शब्द, म्हणजे बाहेर कुणी काहीही नाव ठेवलं तरी आत मूळचाच ‘ग्रेप’ चालेल.

ह्या सगळ्यात मला सर्वांत काळजी होती ती ओलाव्याच्या हिशेबाची. लोहखनिजाचा व्यवहार कोरड्या टनावर होतो. ढिगातला नमुना भट्टीत १०५ अंशांना सुकवतात, वजन किती घटलं ते बघतात. दहा हजार टनांत आठ टक्के ओल असेल तर कोरडा माल नऊ हजार दोनशे टन. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट जहाजावरची माणसं. फाइन्समध्ये ओल ठरावीक मर्यादेच्या वर गेली की जहाजाच्या हादऱ्यांनी तो माल चिखलासारखा वाहू लागतो, एका अंगाला सरकतो आणि जहाज कलतं. २००९च्या जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’, लोहखनिजाचे फाइन्स घेऊन निघालेली दोन जहाजं बुडाली. त्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या खोलीत कुणी फारसं बोललं नाही. पुढच्या हंगामात ओलाव्याच्या फाइलीकडे सगळ्यांची बघण्याची नजर बदलली.

त्या हिशेबाला एलियस मी लावलाच नाही. बॅशला अपूर्णांक येत नाहीत. आठ पूर्णांक चार टक्के म्हटलं की त्याचं गणित थांबतं. त्यामुळे फंक्शन आकडे ऑककडे देतं, आणि देण्याआधी बघतं की ओल रिकामी नाही ना, उणे नाही ना, तारीख ढिगाच्या नमुन्याचीच आहे ना. काही चुकलं तर ते थांबतं आणि काय चुकलं ते सांगतं. त्याचं नावही मुद्दाम लांब ठेवलं. खेप दिवसातून शेकडो वेळा विचारली जाते, तिथे आखूड नाव हवं. ओलाव्याचा आकडा विचारताना माणसाने क्षणभर थांबलेलं मला हवं होतं.

तारखांचा एक खोडा तर खास आमच्या हंगामाचा. आधीपासून चालत आलेली एक स्क्रिप्ट फाइलीच्या नावातून महिना काढून त्यावर गणित करायची, आणि दरवर्षी ऑगस्टात बंद पडून ऑक्टोबरात आपोआप सुरू व्हायची. त्या काळात काम पावसामुळे थंड असल्याने तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. कारण असं: आकड्याच्या आधी शून्य असलं की बॅश तो अष्टमान पद्धतीचा समजतो. ०७पर्यंत ठीक, पण अष्टमानात आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. त्यामुळे ०८ आणि ०९ला तो अडतो, आणि १०पासून पुन्हा चालू. आकड्याच्या आधी दहा आणि हॅशचं चिन्ह लावलं की तो दशमान धरतो. ही दुरुस्ती एका छोट्या फंक्शनात ठेवली आणि बाकीची सगळी फंक्शनं महिना तिथूनच घेऊ लागली.

रात्रीचा गोषवारा क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, चालायचा. क्रॉनला आपले एलियस दिसत नाहीत. माणूस समोर बसलेला नसला की बॅश एरवी एलियस वापरतच नाही, आणि क्रॉन बोलावतो तो शेलही बॅश असेलच असं नाही, उबुंटूवर तो डॅश असतो. म्हणून फाइली दोन झाल्या. एकीत फक्त फंक्शनं. ती टर्मिनलही वाचायचं आणि गोषवाऱ्याची स्क्रिप्टही, जिच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव स्पष्ट होतं. दुसरीत फक्त एलियस, केबिनीत बसणाऱ्या माणसांपुरते. काम सगळं पहिल्या फाइलीत. दुसरी उद्या पुसली गेली असती तरी जहाजाचा एक टनही इकडचा तिकडे झाला नसता.

नावं देवनागरीत ठेवून पाहिली. बॅशला ती चालतात, एलियसचीही आणि फंक्शनचीही. व्हेरिएबलांची मात्र चालत नाहीत, तिथे रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच. काकांना पडद्यावर ‘खेप’ वाचून आनंद झाला. पण त्या टर्मिनलवर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटायची, आणि नंबर टाइप करायला कीबोर्ड पुन्हा रोमनवर आणावा लागायचा. गर्दीच्या वेळी ती अदलाबदल जड होते. म्हणून नावं मालवणी राहिली आणि लिपी रोमन. फाइलीतल्या सूचना मात्र मी देवनागरीत लिहिल्या, प्रत्येक एलियसच्या वर एक ओळ, तो का आहे हे सांगणारी. ‘टाइप’ ही कमांड काकांना शिकवली ती त्यासाठीच. ‘टाइप खेप’ म्हटलं की त्या आखूड शब्दामागे काय आहे ते पडद्यावर येतं. आपण जे चालवतोय ते काय आहे हे चालवणाऱ्याला बघता आलंच पाहिजे, ह्याबाबतीत मी कधी तडजोड केली नाही. बऱ्याच सर्व्हरांवर रूट खात्याला फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’वर ‘आधी विचार’ असा एलियस आयताच मिळतो. त्याच्या भरवशावर हात सैल झालेला माणूस दुसऱ्या यंत्रावर जातो, तिथे कुणी विचारत नाही, आणि फाइली गेलेल्या असतात.

आता मी रेडीतूनच, घरी बसून, पुण्यातल्या काही सर्व्हरांचं काम बघते. रोजचा शेल झेड शेल आहे. त्यात फाइलींची नावं न भरण्याचा हुकूम एका शब्दात, ‘नोग्लोब’ म्हणून, कमांडच्या आधी लिहिता येतो. सोय बंद करून पुन्हा चालू करायची यातायात नाही, आणि अर्धविराम नसल्यामुळे पाइपही मोडत नाही. पण शब्द लिहायचा तो एलियसमध्येच आणि काम करायचं ते फंक्शननेच. ती जोडी इथेही सुटत नाही. काट्यावरची फंक्शनं मी जवळ ठेवली आहेत आणि त्यांतली बरीचशी अजून कामाला येतात. झेड शेलात आणताना दोन बदल लागले. एक म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीची सोय चालू करणारी ओळ काढली. दुसरा जास्त जपून केला. बॅशमध्ये ॲरेची मोजणी शून्यापासून होते, झेड शेलात एकपासून. ढिगांच्या यादीचं फंक्शन तसंच उचललं असतं तर पहिल्या ढिगाचे टन दुसऱ्याच्या नावावर छापले गेले असते, आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसलं नसतं.